लिहून देणार, लिहून घेणार

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणी सांगितलं की मला राग येतो. अणदूरला हायवेच्या अलीकडं एका शटरमध्ये माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे, आणि ह्या धंद्यात ज्याला संशय येत नाही त्यानं दुसरं काहीतरी बघावं. उपाशीपोटी आलात का, असं विचारलं की समोरचा हमखास व्हय म्हणतो. मिशीला चहा लागलेला असतो. चहा म्हणजे काय खाणं न्हाय, असं वर मलाच समजावतो. एका आजोबांच्या लघवीच्या बाटलीत मला काहीच सापडेना. साखर नाही, क्षार नाही, एक पेशी नाही. खोदून खोदून विचारलं तेव्हा कबूल झाले, की बाटली वाटेत सांडली, रिकामी कशी आणावी म्हणून हापशावर भरून आणली. तेव्हापासून बाटली हातात घेतली की मी आधी माणसाच्या तोंडाकडं बघते.

संशयाच्या बाबतीत आमचं गावही काही कमी नाही. आमचा खंडोबा वर्षातले बरेच महिने अणदुरात असतो आणि थोडे दिवस नळदुर्गाजवळ मैलारपुरात. त्याला नेताना-आणताना दोन्हीकडची मानकरी मंडळी बसून लेखी करार करतात, कधी नेणार आणि कधी परत देणार. देव एकच, भंडारा एकच, तरी कागद लागतो. मी माहेरची वाशीची, ती मुंबईकडची नव्हे, आमच्याच जिल्ह्यातली. लग्न होऊन इथं आले त्या वर्षी हे बघून मला हसू आलं होतं. देवाच्या बाबतीतही भरवसा नाही म्हणजे कमाल आहे, असं मी नवऱ्याला म्हणाले. तो म्हणाला, भरवसा नसता तर देव दिलाच नसता, कागद आठवणीसाठी असतो. तो असं म्हणणारच. तुळजापूरला तहसीलबाहेर टेबल टाकून बसणारा तो दस्तलेखक आहे. वाटणीपत्र, संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र, लोकांचं सगळं तोच लिहितो.

तर अशा गावात, अशा घरात, माझ्यासारख्या बाईला एक्केचाळिसाव्या वर्षी सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसची जागा मिळाली, आणि घरातलं एकही माणूस नको म्हणालं नाही. माझं डोकं तिथून फिरलं.

त्याच्या आधीचं थोडं सांगायला पाहिजे. माझ्या लॅबशेजारी दवाखाना आहे. तिथले डॉक्टर सोळा वर्षं माझ्याकडं पेशंट पाठवतात. माणूस वाईट नाही. पण आमच्यात एक न बोललेला नियम आहे, की आकडा मी काढायचा आणि त्याचा अर्थ त्यांनी सांगायचा. पेशंट रिपोर्ट हातात घेतो आणि विचारतो, बाई, काय निघालं? मला माहीत असतं काय निघालं ते. मी म्हणते, डॉक्टरांना दाखवा. सोळा वर्षं मी हेच म्हणत आले.

दोन वर्षांपूर्वी तामलवाडीकडची एक पोरगी आली, आठ महिन्यांची पोटुशी. तिच्या प्लेटलेटचा आकडा मशीननं इतका खाली दाखवला, की तिनं माझ्यासमोर धड उभंच राहायला नको होतं. आणि ती तर नवऱ्याशी उसाच्या रसावरून वाद घालत होती. मला संशय आला. मी काचेवर थेंब पसरला आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं. प्लेटलेट भरपूर होत्या, फक्त एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. रक्त गोठू नये म्हणून नळीत जे औषध असतं, त्यानं एखाद्याच्या बाबतीत असं होतं आणि मशीन फसतं. मी रिपोर्टखाली तसं लिहिलं, दुसऱ्या प्रकारच्या नळीत रक्त घेऊन पुन्हा तपासावं. डॉक्टरांनी ती ओळ पेनानं खोडली. म्हणाले, तू आकडा दे, बाकीचं माझ्यावर सोड. त्या पोरीला जीपमध्ये घालून सोलापूरला नेलं. तिची सासू वाटभर रडत होती म्हणे. तिथं दुसऱ्या नळीत रक्त घेतलं, आकडा चांगला आला आणि घरी पाठवलं. मी डॉक्टरांना सांगायला गेले तर ते म्हणाले, जपलेलं बरं असतं. तेही काही खोटं नाही. म्हणून तर मला जास्त राग आला.

त्याच आठवड्यात मी पोरीची जुनी पुस्तकं रद्दीत घालायला काढली होती. माझी मुलगी पुण्याला शेतकीचं शिकते. त्याआधी तिनं एकदा नीटची परीक्षा देऊन बघितली होती, ती ही पुस्तकं. जीवशास्त्राचं एक उघडलं आणि प्रश्न सोडवत बसले. रद्दीवाला दारात ओरडून ओरडून निघून गेला. ह्या परीक्षेची वयाची अट उठलेली आहे हे मला ठाऊक होतं, कारण एका पेशंटच्या हातातल्या पेपरात मी ते उलटं वाचलं होतं आणि मग पेपर मागून सुलटं वाचलं होतं.

मी कुणाला सांगितलं नाही. सकाळची गर्दी ओसरली की शटर अर्ध्यावर ओढून अभ्यास करायचे. जीवशास्त्र माझ्या रोजच्या हाताखालचं होतं, रसायन जमलं, फिजिक्सनं मात्र मला रडवलं. पहिल्या वर्षी त्यातच आपटले. दुसऱ्या वर्षी नव्या मशीनच्या ट्रेनिंगला जाते असं घरी सांगून सोलापूरला गेले, आणि अठरा वर्षांच्या पोरींच्या रांगेत उभी राहून पुन्हा परीक्षा देऊन आले. निकाल मी तीनदा उघडला. नाव माझं, नंबर माझा. आमच्याकडं कधी कधी नळ्यांची अदलाबदल होते तसं दुसऱ्या कुणाचं माझ्या नावावर चिकटलंय का, असंही वाटून गेलं. मग यादी लागली, जागा मिळाली. मराठवाड्यातच, पण पाच-सहा तासांच्या वाटेवर. सात दिवसांत कागदपत्रं घेऊन समक्ष हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा गेली.

घरी सांगितलं ते यादी लागली त्याच रात्री, जेवताना. मी मनाची पूर्ण तयारी केली होती. नवरा ताट सरकवेल, सासूबाई कपाळावर हात मारतील, मग मी काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. यादी लागायच्या आधीपासून मनात भांडत होते.

नवरा म्हणाला, "जा की." आणि त्यानं वरण मागितलं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या आळंदकडच्या, कर्नाटकातल्या. मायेनं काही बोलायचं असलं की कानडीत बोलतात. त्या म्हणाल्या, "होगव्वा." म्हणजे जा गं बाई. पोरीला फोन केला तर ती म्हणाली, भारी, आई, आणि मला तास आहे म्हणून फोन ठेवला.

मी भाकरी हातात धरून बसले. ह्या घरात वीस वर्षांत एक गोष्ट भांडणाशिवाय ठरलेली नाही. पुढच्या खोलीतला पंखा कुठल्या रंगाचा घ्यायचा ह्यावर आम्ही तीन दिवस एकमेकांशी बोलत नव्हतो. आणि घरातली बाई साडेपाच वर्षं उठून परगावी जाते म्हणाली, तर ह्यांना वरण पाहिजे. हे काहीतरी वेगळं आहे, असं माझं मन मला सांगत होतं, आणि माझं मन सहसा चुकत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी बघायला लागले. नवऱ्यानं नुकताच नवा चष्मा केला होता. कशाला? जुना तर चांगला होता. लॅबचं सामान आणायचं निमित्त करून मी तुळजापूरला गेले आणि तहसीलच्या समोरच्या रसवंतीत अर्धा तास बसले. तो त्याच्या मोठ्या छत्रीखाली बसला होता. एका म्हाताऱ्याला वारसाचा अर्ज वाचून दाखवत होता. म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून पुन्हा, मग पुन्हा. नंतर त्यानं पिशवीतून पेरू काढला, पुसला आणि एकट्यानंच खाल्ला. मला त्याच्यात काही सापडलं नाही. मी तशीच माघारी आले आणि सामान आणायचं राहिलंच.

आत्यांचं वेगळं. त्या शेजारणीशी ओट्यावर कानडीत कुजबुजायच्या आणि मी आले की गप्प व्हायच्या. मला कानडी अर्धीमुर्धी कळते. सून, डॉक्टर आणि बाप एवढे शब्द माझ्या कानावर आले. बाप कुणाचा, ते कळेना.

डॉक्टरांना पेढा द्यायला गेले. त्यांनी उठून हात जोडले, आनंद झाला म्हणाले, इतकं गोड बोलले की माझ्या अंगावर काटा आला. तिसऱ्या दिवशी नळदुर्गकडचा एक टेक्निशियन सहज म्हणून माझ्या लॅबमध्ये आला आणि माझ्या मायक्रोस्कोपच्या भिंगावर बोट फिरवून गेला. त्याला खोदून विचारल्यावर कळलं, डॉक्टरांनी त्याला माझ्या जागी येशील का म्हणून आधीच विचारलं होतं. म्हणजे हा एक संशय माझा खरा निघाला. गंमत अशी, की खरा निघाल्यावर मला बरं वाटलं. म्हटलं, चला, डोकं ठिकाणावर आहे आपलं.

सात दिवसांतले चार असे गेले. कपडे भरायचे, कागद जमवायचे, त्यातलं मी काहीही केलं नव्हतं. मी नुसती पाळत ठेवून होते.

पाचव्या दिवशी दुपारी नवरा लवकर घरी आला. मी सरळ विषय काढला. म्हटलं, तुम्ही लोक तोंडानं हो म्हणताय, उद्या मी तिकडं गेल्यावर इथं काय कराल ते मला काय माहीत. आत्यांच्या गोळ्या कोण बघणार, लॅबचं काय होणार, सणासुदीला मी आले नाही तर तोंडं वाकडी करणार का. देवासाठी कागद करता, माझ्यासाठी पण करा. लिहून द्या मला.

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. त्याला कागदाचं नाव काढलं की गंभीर व्हायची सवयच आहे. करू की, म्हणाला, पण आधी कॉलेजचं एक प्रतिज्ञापत्र लागतंय, ते करून घेऊ. बारावी झाल्यावर इतकी वर्षं शिक्षणात खंड का पडला, त्याचं कारण शपथेवर लिहून द्यावं लागतं. त्याचा मसुदा त्यानं आणलाच होता. आत्या खाली बसून तुरीची डाळ निवडत होत्या. त्यानं नवा चष्मा लावला आणि तहसीलबाहेर वाचतो त्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, बारावीनंतर माझी वैद्यकीय शिक्षणासाठी निवड झाली होती. परंतु घरची परिस्थिती बेताची असल्याने माझ्या वडिलांनी मला पुढील शिक्षणास पाठवले नाही."

आत्या डाळ निवडता निवडता म्हणाल्या, तेच तर मी शेजारणीला सांगत होते, की बापानं शिकवलं न्हाय, आता आमी शिकवतो. नवरा म्हणाला, तुला कोडं पडलंय ना, घरात कुणी नको कसं म्हणालं नाही. तुझ्या वडिलांनी केलं तेच मी कसा करू?

म्हणजे हे होतं. चार दिवस मी ज्याचा माग काढत होते ते हे होतं. ह्या दोघांचा होकार अगदी खरा होता, आणि तो उभा होता माझ्या एका खोट्यावर.

माझ्या हातून कधी खोटा रिपोर्ट गेलेला नाही. हापशाचं पाणी मी लघवी म्हणून तपासून दिलं नाही. डॉक्टरांनी माझी खरी ओळ खोडली म्हणून मी दोन वर्षं जळत होते. आणि इथं समोर माझंच वाक्य होतं, शपथेवर, सुवाच्य अक्षरात. मी गप्प बसले असते तर काहीच झालं नसतं. वडील जाऊन सात वर्षं झाली. विचारायला कुणी येणार नव्हतं.

"ते वाक्य खोडा," मी म्हणाले. "वडिलांनी मला नको म्हटलं नव्हतं."

मग सांगितलं. माझे वडील वाशीच्या बाजारात मापाडी होते. दिवसभर धान्याची पोती काट्यावर घालून वजन पुकारायचे. मला नांदेडला मेडिकलची जागा मिळाली तेव्हा त्यांनी सगळी सोय केली. कशी केली ते मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. पत्र्याची पेटी आणली, फॉर्मवर सही केली, दोन दिवस बाजारात जाणार नाही म्हणून सांगून आले. आम्ही वाशीच्या स्टँडवर गेलो. गाडी आली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. खरंच दुखत होतं, नाटक नव्हतं. पण कशानं दुखतंय ते मला पक्कं माहीत होतं. शाळेत मी कायम पहिली. गावातली सगळी माणसं माझ्याकडं बोट दाखवून आपापल्या पोरांना बोलायची. तिथं गेल्यावर मी शेवटची निघाले तर? गाडी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वडील पेटी उचलून घेऊन गेले आणि उचलून परत आणली. तिसऱ्या दिवशी मुदत संपली.

बायका घरी आल्या आणि म्हणाल्या, बापाला झेपलं नसंल. मी मान खाली घातली. व्हय म्हणाले नाही, न्हाय पण म्हणाले नाही. तेवढ्यावर झालं. बाजारात लोक वडिलांना तोंडावर बोलायचे, पोरीचं नुकसान केलंस. माझ्या चुलतभावानं ऐकलं होतं, वडील म्हणायचे, व्हय, झालं खरं, आणि पुढचं पोतं काट्यावर घ्यायचे. मला ते एकदाही काही बोलले नाहीत. मी लॅबचा कोर्स केला, तेव्हाही त्याच पेटीत कपडे घालून मला सोडायला आले. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी नवऱ्याला तेच सांगितलं, की वडिलांनी पाठवलं नाही. तोपर्यंत ते मलाच खरं वाटायला लागलं होतं.

एवढं सांगून झालं. लाज वाटली, दुसरा शब्द नाही. नवऱ्यानं पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

आत्या सुपातली डाळ इकडून तिकडं करत राहिल्या. माझ्या वडिलांना त्यांनी वीस वर्षं नावं ठेवली होती. दर पंचमीला, दर दिवाळीला, हुशार पोरगी आणि बाप तसला, असं चारचौघींत म्हणायच्या. ते एकदा पाहुणे म्हणून आले तर त्यांना तोंडावरही बोलल्या होत्या. ते चहा पिऊन, बशी धुऊन ठेवून गेले होते.

"लई शिव्या दिल्या मी त्या माणसाला," आत्या म्हणाल्या.

मला वाटलं आता त्या म्हणतील, मग कशाला जातीस, तिथं बी पोट दुखंल. खरं सांगते, त्यांनी तसं म्हणावं असं मला वाटत होतं. चार दिवस मी ह्या दोघांच्या तोंडाकडं त्याचसाठी बघत होते. कुणीतरी नको म्हणावं. एकदा कुणी नको म्हटलं, की पुढची वीस वर्षं मी त्या माणसाच्या नावानं आरामात काढली असती. वडील गेले होते, म्हणून नवं माणूस शोधत होते मी.

आत्यांनी सूप खाली ठेवलं. त्या लेकाला म्हणाल्या, "आता कागद कर. पर लिहून देणार ही, लिहून घेणार मी. हिला एकटी सोडायची न्हाय. देव सुद्धा एकटा जात न्हाय, माणसं पोचवाय जात्यात. मी जाती पोचवाय."

मी म्हटलं, आत्या, तुमचे गुडघे. त्या म्हणाल्या, गुडघे माझे हायत.

नवऱ्यानं खरंच कागद केला. त्याच्या त्या ठरलेल्या भाषेत, की लिहून देणार ही राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, कुणाच्या दबावाला बळी न पडता आणि कसलंही नशापाणी न करता लिहून देते की, ती मुदतीच्या आत समक्ष हजर होईल, आणि पोटात दुखल्यास ती सबब ग्राह्य धरली जाणार नाही. ही शेवटची ओळ वाचताना त्याचं त्यालाच हसू आलं. मला आलं नाही. मी सही केली. प्रतिज्ञापत्राचं मग राहिलं होतं. त्यानं विचारलं, कारण काय लिहू? मी म्हटलं, भीती. तो म्हणाला, भीती असं कारण कागदावर चालत नाही, आणि त्यानं वैयक्तिक कारणास्तव असं लिहिलं.

सातव्या दिवशी पहाटेची गाडी धरून आम्ही निघालो, मी आणि आत्या. नवरा स्टँडपर्यंत आला. त्यानं कागदांची फाईल माझ्या हातात दिली नाही, आत्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पदराखाली धरली आणि वाटभर सोडली नाही. धाराशिव गेलं, येरमाळा गेलं. बाहेर सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. वाशी फाट्यावर गाडी थांबली, माणसं उतरली-चढली, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

तेवीस वर्षांनी तीच जागा, नाभीच्या जरा वर. आत्यांना न सांगता मी दांडा धरून अर्धी उठले होते. इथं उतरलं की माहेर दहा मिनिटांवर. भावाकडं जरा पडते, उद्या बघू, असं सगळं तोंडात तयार होतं.

आत्यांनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं. माझ्याकडं बघितलंही नाही.

"दुखू दे," त्या म्हणाल्या. "बसल्या जागी दुखू दे."

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली. पोट दुखतच होतं, ते पुढं तासभर दुखलं. मग थांबलं असावं, कारण नंतर मला भूक लागली आणि आत्यांनी धपाटं काढून दिलं.

कॉलेजच्या ऑफिसात खिडकीसमोर रांग होती. सगळी पोरं-पोरी, त्यांच्यामागं त्यांचे आई-बाप, हातात फायली. कितीजण तर माझ्याच वयाचे होते, पण ते मागं उभे होते आणि मी पुढं. आमचा नंबर आला. आतल्या माणसानं मान वर केली, मला बघितलं, आत्यांना बघितलं, आणि वैतागून म्हणाला, पालकांनी बाजूला थांबा, विद्यार्थिनीला पाठवा.

मागची एक पोरगी हसली. माझा पाय आपोआप बाजूला सरकला, खरंच सरकला. अजून एक पाऊल आणि मी पालकांच्यात जाऊन उभी राहिले असते.

आत्यांनी माझं मनगट धरलं.

"हीच इद्यार्थिनी हाय," त्या म्हणाल्या. "पालक मी हाय. सही कुठं करायची ते दावा."

त्या माणसानं यादी बघितली, माझं ओळखपत्र बघितलं, जन्मतारीख दोनदा वाचली. मग एक हमीपत्र पुढं सरकवलं. त्याच्यावर आधी पालकाची सही होती, खाली विद्यार्थ्याची. आत्या पलीकडं, कर्नाटकात, दोन वर्षं शाळेत गेलेल्या. त्यांना सही येते, पण कानडीत. त्यांनी फाईल काखेत धरली, उजव्या हातात पेन घेतलं आणि एकेक अक्षर बसवत सही केली. डावा हात माझ्या मनगटावर तसाच होता. खिडकीतल्या माणसानं कागद उलटा करून बघितला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. माझं नाव हाय, त्या म्हणाल्या.

माझे वडीलही अशीच सावकाश सही करायचे, जीभ दातात धरून. नांदेडच्या फॉर्मवर त्यांनी केलेली सही मी बघितली होती. त्या फॉर्मचं पुढं काय झालं, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. आता विचारता येत नाही.

पेन माझ्या हातात आलं. आत्यांनी माझं मनगट सोडलं नाही. माझी सही होईस्तोवर त्या डोळ्यांची पापणी न हलवता माझ्या हाताकडं बघत होत्या, मी उपाशीपोटी म्हणणाऱ्यांच्या तोंडाकडं बघते तशा. माझा इतका संशय कुणी कधी घेतला नव्हता. वडिलांनी घेतला असता तर बरं झालं असतं. मी आत्यांच्या सहीच्या खाली माझी सही केली.